अमक्याची मम्मी, तमक्यांच्या मिसेस

‘मावशी, एक विचारू?’ : वाचकांची पत्रं आणि मावशींची उत्तरं

पत्र पहिलं

ख्रिस्तात प्रिय मावशींना सलाम.

मी चौतीस वर्षांची. माहेर नगरचं, आता पिंपरीत राहते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून लग्नाआधी आणि नंतरही आयसीयूत स्टाफ नर्स होते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन. मुलाच्या वेळी नोकरी सोडली, कारण सासूबाईंचे गुडघे गेलेत, दोघांच्या मागे धावणं त्यांना होईना. मिस्टर आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) कारभार बघणाऱ्या पंचकमिटीवर आहेत, तरुण संघही तेच बघतात. माझ्याकडे शब्बाथ शाळेचा (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाचा) लहान वर्ग, महिला मंडळाचं चिटणीसपद, आणि बुधवारच्या घरोघरच्या प्रार्थनासभेचं चहापाणी.

मागच्या महिन्यात महिला मंडळात बाहेरून आलेल्या एका बाईंनी बायबलमधल्या नीतिसूत्रे 31 वर संदेश दिला. आईपण हेच स्त्रीचं पाचारण, ‘मला’ आणि ‘माझं’ वधस्तंभापाशी ठेवून या, म्हणाल्या. सगळ्या रडल्या. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं. त्याच दिवशी सकाळी धाकट्याला लस द्यायला नेलं होतं. तिथल्या सिस्टरने रजिस्टर भरताना विचारलं, आईचं नाव? आणि मी पटकन मुलीचं नाव सांगितलं. ती हसली, मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

मला माझं असं काहीतरी हवंय. काय, ते मलाच सांगता येत नाही. असं मागणं हे पाप आहे का?

– एक भगिनी, पिंपरी

उत्तर

पाप नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

आता त्या नीतिसूत्रे 31 चं बघू. पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको म्हणून माझा सगळा संसार मंडळ्यांमध्ये गेला, त्यामुळे या अध्यायावरचे संदेश मी पोटभर ऐकलेत. वक्त्या बदलतात, पण गाळलेल्या जागा बदलत नाहीत. ती बाई रात्र सरायच्या आत उठते, हे पंधरावं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच वचनात पुढे ती दासींना त्यांचा वाटा देते असं आहे. म्हणजे हाताखाली बायका होत्या. तुझ्या हाताखाली कोण आहे गं? सोळाव्या वचनात ती शेत बघते, पारखते, विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. नवऱ्याला विचारून घेतलं असं तिथे नाही. चोविसाव्यात ती तागाची वस्त्रं विणून विकते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते. आणि बाविसावं वचन तर मी अजून एकाही व्यासपीठावरून ऐकलं नाही : ती स्वतःसाठी गालिचे करते, तलम ताग आणि जांभळी वस्त्रं नेसते. स्वतःसाठी! जांभळा म्हणजे त्या काळचा सगळ्यात महागडा रंग.

आणखी एक. हा अध्याय कोणा धर्मगुरूने बायकांना सांगितलेला नाही. पहिलंच वचन वाच. लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली ही शिकवण आहे. ती दारूबद्दल बोलते, न्यायाबद्दल बोलते, मुक्यांसाठी तोंड उघड म्हणून मुलाला बजावते. शेवटची बावीस वचनं ही कविता आहे, मूळ हिब्रूत एकेक ओळ एकेका अक्षराने सुरू होते. एका अख्ख्या आयुष्याचं कौतुक आहे ते. सोमवारचं वेळापत्रक म्हणून कोणी ते स्वयंपाकघरात लावत असेल तर त्यात त्या कवितेचा दोष नाही.

वधस्तंभ उचलण्याचं म्हणशील, तर लूक 9 मधलं ते वचन सर्वांना उद्देशून आहे. पंचकमिटीतल्या पुरुषांनासुद्धा. त्यांना कोणी रविवारचं क्रिकेट वधस्तंभापाशी ठेवायला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही. उलट मार्क 6 बघ. लोकांची ये-जा इतकी, की शिष्यांना जेवायचीही सवड मिळेना. तेव्हा प्रभू त्यांना म्हणाला नाही की धीर धरा, सेवा आहे ही. म्हणाला, बाजूला एकांतात चला, थोडा विसावा घ्या. दोन वर्षांचं पोर घरात असलेल्या बाईला जेवायची सवड नसणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. मुलांबद्दल त्यात एकही तक्रार नाही. सासूबाईंबद्दल नाही. तुझ्या लक्षात आलं का, तुझ्या आठवड्यातला जो वेळ तुझा होऊ शकला असता तो मुलांनी नाही, मंडळीने खाल्लाय. आपल्याकडे हे फार गोड पद्धतीने होतं. एखादी बाई म्हणाली की मला काहीतरी करावंसं वाटतंय, की लगेच, ‘अरे वा, मग शब्बाथ शाळेला शिक्षिका हवीच आहे!’ म्हणजे तिला हवं होतं एक, मिळालं आणखी एक काम. आणि ते प्रभूचं म्हणून नाही म्हणायची सोय नाही.

तेव्हा पहिलं काम : एक सेवा परत कर. तिन्ही नको, एकदम सगळं टाकलंस तर मंडळीत चर्चा होईल आणि तूच अपराधी वाटून घेशील. माझं मत विचारशील तर चिटणीसपद सोड. लहान वर्गात तुझी मुलगी बसते, तो तुला आवडतही असेल. चहापाणी तर ज्यांच्या घरी प्रार्थना असेल त्यांनी करावं, त्याला कायमची माणूस कशाला? पण चिटणीसपद म्हणजे इतिवृत्त, वर्गणी, जागतिक प्रार्थना दिनाची धावपळ, नाताळच्या विक्रीचे हिशेब, आणि रात्री दहानंतर येणारे फोन. डिसेंबरात सोडू नकोस, तेव्हा कोणी ऐकूनच घेणार नाही. वार्षिक सभेच्या आधी महिनाभर पाळकसाहेबांना आणि मंडळाच्या अध्यक्षबाईंना लेखी दे. दोन ओळी पुरे. कारणं देत बसू नकोस. कारण दिलं की त्यावर उपाय सुचवला जातो.

यावर थोडं माझं सांगते. मी शाळेत गणित शिकवायचे, पण मंडळीत मला नाव नव्हतं. पाळकीणबाई. एका गावाहून बदली झाली तेव्हा निरोपाच्या मानपत्रावर ह्यांचं नाव शिक्षणासकट होतं आणि पुढे ‘व सौ. पाळकीणबाई’ असं छापलं होतं. छापणाऱ्याला विचारायलाही सुचलं नव्हतं. पाळकाच्या बंगल्याचं दार सकाळपासून उघडं. कोणाला दाखला हवा, कोणाचं भांडण, कोणाला नुसतंच बसायचंय. माझी दोन्ही मुलं त्या ये-जेतच वाढली. मग मी गुरुवारी दुपारी शाळेतून आल्यावर मागच्या खोलीत बसायला लागले आणि दारावर कागद लावला : ‘साडेचारनंतर यावे.’ आत मी काय करायचे? भूमितीचे रायडर, म्हणजे प्रमेयांवरची उदाहरणं, सोडवायचे. कोणाला उपयोग नाही, पगार वाढत नाही, साक्ष म्हणून सांगता येत नाही. कंपासपेटी मुलाची, कागद मंडळीच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकांचे, पाठकोरे. एक वडीलमंडळी ह्यांच्याकडे येऊन म्हणाले, पाळकाच्या घराचं दार बंद असणं बरं दिसत नाही. हे म्हणाले, दार माझ्यासाठी उघडं आहे, मी इथे व्हरांड्यातच बसलोय, बोला. तेवढ्यावर विषय संपला. कागद आम्ही निवृत्त होईपर्यंत प्रत्येक गावी लावला.

म्हणून दुसरं काम मिस्टरांशी बोलण्याचं. ‘मला माझ्यासाठी वेळ हवा’ असं सांगशील तर ते मनापासून ‘हो, घे ना’ म्हणतील आणि काही घडणार नाही. वार आणि वेळ सांग. शनिवारी चार ते सात, दोन्ही मुलं तुमच्याकडे, सासूबाईंकडे नाही. तरुण संघाची मीटिंग शनिवारी असेल तर ती हलवतील. पंचांना वेळा हलवता येतात. त्या तीन तासांत तू घरात थांबू नकोस. थांबलीस तर धाकटा दारावर थापा मारेल आणि तू उघडशील.

काय करू ते कळत नाही म्हणतेस. मग ठरवूच नकोस. सुरुवातीचे शनिवार बहुतेक तू कुठल्यातरी मैत्रिणीकडे जाऊन झोपशील. झोप. मग हळूहळू कळेल कशाची भूक होती ती. मला मात्र पत्रातला एक शब्द सारखा दिसतोय, आयसीयू. तू तो विनाकारण लिहिला नाहीस. नुसतं ‘नोकरी करत होते’ असंही लिहिता आलं असतं. तुझी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कधीपर्यंत आहे ते आज बघ. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीतल्या नर्सेसच्या पुढच्या शिक्षणाचे, तास लागतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नोकरी आत्ता कर असं मी म्हणत नाही. पण ती नोंदणी मरू देऊ नकोस. सीएनईच्या कार्यशाळेला जा, तिथे जुन्या सिस्टर भेटतील, व्हेंटिलेटरच्या गप्पा होतील, आणि गळ्यात अडकवलेल्या बिल्ल्यावर तुझं नाव असेल. धाकटा शाळेत जायला लागला की डायलिसिस किंवा ओपीडीची दिवसपाळी शोधता येईल. आयसीयूच्या रात्रपाळीवरच परत जायला पाहिजे असं कुठे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव कोणीतरी तुला सांगेलच, म्हणून मीच सांगते. महिला मंडळात त्यांना आपण श्रद्धेची मूर्ती करून ठेवलंय. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातली बाई तशी नाही. नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, घरातलं जे हाताला लागेल ते देऊन टाकावं आणि हिने चिडावं, भांडावं, आणि मग त्यावरच खोखो हसावं. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा ही मुलाला घेऊन वेगळी राहिली. नवऱ्याने घेतला म्हणून हिने बाप्तिस्मा घेतला नाही. स्वतःला पटायला पाच वर्षं लागली, तेवढी तिने घेतली. शाळेचं तोंड न पाहिलेली, अक्षरओळख लग्नानंतरची. घरात स्वतःची मुलं आणि शिवाय सांभाळायला आणलेली परक्यांची. आत्मचरित्राचा पहिला भाग छापून आला 1934 मध्ये, म्हणजे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. पण ते लिहिणारी बाई काही सहासष्टाव्या वर्षी जन्माला आली नव्हती. मुलांच्या गलक्यात, प्लेगच्या धावपळीत ती सगळं टिपत होती. तू सहासष्टपर्यंत थांब असा याचा अर्थ काढू नकोस, एवढंच.

शेवटचं, आणि हे वरच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. रोजच रडू येत असेल, मूल झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नसेल, तर ही ओळख हरवण्याची गोष्ट नाही, हा आजार असू शकतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य लांबतं, हे तू नर्सिंगला शिकलीच असशील. डॉक्टरांना दाखव. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं. कोणी म्हणेल, प्रार्थना कमी पडते. त्यांचं ऐकून घे आणि डॉक्टरांकडे जा.

पत्र दुसरं

मावशी, आम्ही वसईचे, कुपारी ख्रिस्ती समाजाचे. मी मराठी माध्यमात दहावी झाले. घरची वाडी आहे, भाजी आणि केळी मीच बघते, बाजारात नेते. दोन्ही मुलगे कॉन्व्हेंटला. घरात मी कादोडी, आमची बोली, बोलले की थोरला म्हणतो, ‘मम्मा, प्रॉपर बोल.’ ओपन हाऊसला त्याने मला सांगितलं, डॅडी आले तर चालेल. मी वाडीत कोणाला घाबरत नाही, व्यापाऱ्याशी भाव करते, पण शाळेच्या गेटवर माझी मान खाली जाते. आई म्हणून मी मुलांना पुढे जायला मदत करायची की माझ्या बोलीला धरून बसायचं?

– वसई पश्चिम

उत्तर

दोन्ही. यात निवडायचं काही नाही, मुलाने तसं भासवलंय.

पंडिता रमाबाईंचं एक सांगते. 1883 मध्ये त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन विलायतेला गेल्या. विधवा, परक्या देशात, वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या (नन्सच्या) आश्रयाला. तिथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या तेव्हा लेक भगिनींपाशी राहिली. मग तिला काय शिकवायचं, कसं वाढवायचं, यावरून पत्रांतून जोरदार खटके उडाले. ज्यांच्या घरात राहतोय त्यांनाच रमाबाईंनी कळवलं की मुलीचं मी ठरवणार. आणि आपण हिंदुस्थानची लेकरं आहोत हे सांगताना मुलीला कमीपणा वाटू नये, आपलं नाव निघालं की तिने लाजेने लाल होऊ नये, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळावं म्हणून. आणि मनोरमा शिकूनसवरून आईच्याच कामात आली, आईनेच काढलेल्या शारदा सदन या शाळेची मुख्याध्यापिका झाली.

तुझ्या मुलाचं वय लाजायचंच आहे, त्याला रागावू नकोस. पण ओपन हाऊसला तूच जा. बाईंसमोर बसून मराठीत सांग, मी मराठीत बोलेन. वसईतल्या शिक्षिकेला मराठी कळत नाही असं होणार नाही. मुलाला दुभाष्या करू नकोस, त्याने त्यालाच वाटेल की आईला आपली गरज आहे. इंग्रजी शिकावंसं वाटलं तर जरूर शीक, पण ते तुझ्या हौसेने, त्याच्या लाजेने नाही. आणि घरात कादोडीच. रोझरी मराठीत होऊ दे, मिस्सा मराठीत आहेच, पण रागावणं, लाड, भाजीचा हिशेब, सगळं कादोडीत. सुट्टीत थोरल्याला पहाटे बाजारात घेऊन जा. व्यापाऱ्याशी भाव करताना तू कशी दिसतेस ते त्याने अजून पाहिलेलं नाही, असं मला पत्रावरून वाटतं.

पत्र तिसरं

आदरणीय मावशी, सलाम. मी सोलापूरला सरकारी नोकरीत आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली. पत्नीला आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं आहे. माझा विरोध नाही. परंतु मुलगी यंदा दहावीला आहे. मंडळीतले वडीलधारेही म्हणतात की आईने हे एक वर्ष मुलीला द्यावं. पत्नीला एक वर्ष थांबायला सांगू का? ती माझं ऐकेल.

– एक वाचक

उत्तर

ती ऐकेल, म्हणूनच सांगू नका.

दहावीनंतर अकरावीचा प्रवेश येतो. मग बारावी, त्यात नीट किंवा सीईटी. मग मुलगी होस्टेलवर जाणार म्हणून आईने सोबत जाऊन यायला हवं. मग तिचं लग्न, मग तिचं बाळंतपण, आणि तोवर तुमच्या आईंचं किंवा तिच्या आईचं पथ्यपाणी. मी शाळेत असताना दहावीच्या मुलींच्या आया दरवर्षी पाहिल्या. पेपर सोडवायला आई शेजारी बसावी लागते अशी मुलगी क्वचित. बहुतेकींना वेळेवर जेवण, शांत घर आणि कोणीतरी क्लासवरून आणणारं माणूस लागतं. यातलं तिसरं तुम्ही करू शकता, पहिलंही शिकू शकता. एका टेबलावर दोघी पुस्तकं घेऊन बसल्या तर मुलीचं नुकसान होईल असं मला काही वाटत नाही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये काढलं तेच मुळी अशा लोकांसाठी, ज्यांचं शिक्षण घरासाठी थांबलं. अभ्यासकेंद्राची संपर्कसत्रं बहुतेक सुट्टीच्या दिवशी असतात, म्हणजे काही रविवारी ती उपासनेला नसेल. वडीलधारे विचारतील. त्यांना उत्तर तुम्ही द्या, तिला द्यायला लावू नका.

आणि तिने कोणते विषय घेतलेत ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. आज घरी गेल्यावर विचारा.